सिबिल अहवालातली थकबाकीची नोंद: कुठली निघते, कुठली निघत नाही आणि काढायची कशी

कर्जाचा अर्ज फेटाळला गेला आणि कारण विचारल्यावर "सिबिलमध्ये काहीतरी दिसतंय" एवढंच उत्तर मिळालं, की बहुतेक जण दोनपैकी एका दारात जातात. एक वसुली एजंटाचं, दुसरं 'सिबिल क्लीन करून देतो' अशी जाहिरात करणाऱ्याचं. दोघांच्याही हातात काही नसतं. अहवालातली नोंद बदलते ती फक्त ती नोंद पाठवणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या सांगण्यावरून. सिबिलसारखी क्रेडिट माहिती कंपनी, म्हणजेच ब्युरो, ती माहिती साठवते आणि दाखवते, बँकेच्या होकाराशिवाय त्यातला आकडाही हलवत नाही. म्हणून तक्रार ब्युरोकडे नोंदवायची असली, तरी पुराव्यानिशी पटवायचं असतं बँकेला.

आधी चारही अहवाल हातात घ्या

भारतात क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. कर्ज देणाऱ्या संस्थांना या चारही कंपन्यांचं सभासद व्हावं लागतं, त्यामुळे एका ठिकाणची चूक बाकीच्या तिघांकडेही असण्याची शक्यता मोठी. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीकडून दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल गुणांकासह (क्रेडिट स्कोअरसह) फुकट मिळतो. तो थेट त्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच काढा. मोबाइल ॲपमध्ये दिसणारा गोषवारा अनेकदा अपुरा असतो, आणि आपल्याला नेमक्या तारखाच लागणार असतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत.

अहवाल उघडला की लगेच पीडीएफ उतरवून ठेवा आणि त्यावरचा कंट्रोल नंबर, म्हणजे त्या अहवालाचा क्रमांक, टिपून घ्या. पुढच्या प्रत्येक पत्रात आणि फोनवर तो विचारला जातो.

खात्याची नोंद वाचायची कशी

गुणांकाकडे तूर्त दुर्लक्ष करा. ज्या खात्यावर वाद आहे त्याच्या चौकटीत पुढच्या गोष्टी पाहा: खात्याशी तुमचं नातं (एकटे कर्जदार, सहकर्जदार की जामीनदार), खातं उघडल्याची आणि बंद झाल्याची तारीख, शेवटच्या भरण्याची तारीख, बँकेने माहिती पाठवल्याची तारीख, शिल्लक रक्कम, थकीत रक्कम आणि खात्याची स्थिती. खाली ३६ महिन्यांपर्यंतचा डीपीडी तक्ता असतो, म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा आला त्याची महिनावार नोंद. ००० म्हणजे वेळेवर. एक्सएक्सएक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. त्याला लोक उगाच घाबरतात. एसटीडी म्हणजे खातं नियमित. एसयूबी, डीबीटी, एलएसएस ही अक्षरं दिसली तर खातं एनपीएत गेलं होतं, म्हणजे थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली होती.

स्थितीच्या रकान्यात जे शब्द येतात त्यांचा अर्थ नीट कळला पाहिजे. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने हिशेबाच्या वहीत ते कर्ज बुडीत धरलं. याने कर्ज माफ होत नाही, वसुलीचा हक्क तसाच राहतो. 'सेटल्ड' म्हणजे बँकेने कमी रकमेवर तडजोड केली आणि उरलेले पैसे सोडले. पुढच्या कर्जदात्याच्या नजरेत हे चांगलं नाही. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेड. 'सूट फाइल्ड' म्हणजे वसुलीचा दावा दाखल.

अनोळखी नाव दिसलं की लगेच 'हे कर्ज माझं नाही' म्हणून तक्रार ठोकू नका. ॲपवरून कर्ज घेतलं असेल तर अहवालात ॲपचं नाही, त्यामागच्या एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) नाव येतं. जुनं कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला) विकलेलं असेल तर त्या कंपनीचं नाव येतं. आणि बँकांच्या विलीनीकरणाने बरेच गोंधळ झालेत. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. अशा वेळी खाते क्रमांक बदलतात, आणि एकच कर्ज जुन्या व नव्या क्रमांकाने दोनदा दिसू शकतं. जुन्या बँकेच्या नोंदीबद्दलही आता नव्या बँकेकडेच जायचं.

नोंद चुकीची, शिळी की खरी?

सगळी पुढची वाट या एका उत्तरावर ठरते.

कर्ज खरोखर तुमचं नसेल तर दोन शक्यता. पहिली, दुसऱ्या कुणाचं खातं तुमच्या फाइलला चिकटलं. नाव आणि आडनाव सारखं, वडिलांचं नाव अर्जात गाळलेलं, पॅन चुकीचा टाइप झालेला, असं असलं की हे घडतं. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या अहवालात तर उलटही होतं: स्वतःचीच खाती दोन फाइलींत विभागली जातात. इथे पॅन, जन्मतारखेचा पुरावा आणि नावातला बदल दाखवणारा कागद पुरतो. दुसरी शक्यता, तुमच्या कागदपत्रांवर कुणीतरी कर्ज उचललं. मग बँकेकडे लेखी मागणी करा की त्या कर्जाचा अर्ज, केवायसीचे कागद, फोटो, सही, आणि कर्जाची रक्कम कुठल्या खात्यात जमा झाली याचा तपशील द्या. शेवटचा मुद्दा सर्वांत जड. पैसे तुमच्या खात्यात आलेच नसतील तर बँकेची बाजू तिथेच लंगडी पडते. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि पोलिसांची पोच घ्या. फोन थांबावेत म्हणून एकही हप्ता भरू नका. भरलेला हप्ता कर्ज मान्य केल्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

जामीनदाराची नोंद मात्र या प्रकारात बसत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला सही दिली असेल आणि हप्ते थकले असतील, तर तुमच्या अहवालातली नोंद बरोबर आहे. उपाय अहवालात नाही, मेव्हण्याकडे आहे.

शिळी नोंद म्हणजे पैसे भरले, पण बँकेने कळवलं नाही. सर्वाधिक नोंदी निघण्यासारख्या असतात त्या याच प्रकारात. क्रेडिट कार्ड बंद केल्यावर उरलेला दोनशे-चारशे रुपयांचा वार्षिक आकार व्याजासह वाढत राहणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. कार्डाबाबत काही नियम तुमच्या बाजूचे आहेत, ते पत्रात वापरा. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्याशिवाय खातं थकीत म्हणून कळवता येत नाही. ग्राहकाला थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी त्याला सूचना द्यावी लागते. सुरूच न केलेल्या नव्या कार्डाची माहिती ब्युरोला पाठवताच येत नाही. आणि बाकी काही नसताना कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत पुरा केला नाही तर दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला मिळतो.

तिसरा प्रकार, नोंद खरी आहे. हप्ते खरोखर चुकले, पैसे खरोखर राहिले. अशी नोंद वाद घालून निघत नाही. तिच्यावर काय करता येतं ते पुढे येईल.

कागद

बंद झालेल्या कर्जासाठी नो ड्यूज (काही बाकी नाही असं) किंवा कर्ज बंद झाल्याचं पत्र, त्यावर कर्ज खात्याचा पूर्ण क्रमांक असलेलं. नुसतं 'आपलं कर्ज पूर्ण झालं' असा एसएमएस चालत नाही. शेवटच्या भरण्याचा युटीआर क्रमांक (बँकेतल्या त्या व्यवहाराचा क्रमांक) दाखवणारं तुमच्या बचत खात्याचं विवरण. कर्ज खात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा. तडजोड झाली असेल तर तडजोडीचं पत्र, लोक अदालतीत झाली असेल तर तिच्या निवाड्याची प्रत. दावा चालला असेल तर तो काढून घेतल्याचा किंवा निकाली निघाल्याचा न्यायालयाचा कागद. एजंटाने हाताने लिहून दिलेली पावती एकटी असेल तर भरवसा ठेवू नका, ती बँकेच्या वहीत जमा झाल्याचं दाखवता आलं पाहिजे.

तक्रार एकाच दिवशी दोन ठिकाणी

ब्युरोच्या संकेतस्थळावर खातं उघडल्यावर अहवालाच्या शेजारीच डिस्प्यूटचा पर्याय असतो. शुल्क नाही. चुकीचा प्रकार निवडला की तक्रार भलत्याच खिडकीत जाते, म्हणून इथे घाई नको. खातं तुमचं नाही, तर मालकीचा वाद. एकच खातं दोनदा आहे, तर दुबार नोंदीचा. आकडा, तारीख किंवा स्थिती चुकली, तर त्या त्या रकान्याचा. प्रत्येक रकान्यासमोर बरोबर माहिती काय असायला हवी ते भरा. 'माझा सिबिल दुरुस्त करा' एवढंच लिहिलेल्या तक्रारीवर बँक 'माहिती तपासली, बरोबर आहे' असं एका ओळीत उत्तर देऊन मोकळी होते. तुमच्या बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील मागितला असेल तर अचूक द्या, भरपाई त्यावरच येते.

त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा, प्रत नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला. प्रत्येक बँकेने आपल्या संकेतस्थळावर नोडल अधिकाऱ्याचा पत्ता दिलेला असतो. शाखेत कागद देणार असाल तर दुय्यम प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. मजकूर साधारण असा:

"विषय: कर्ज खाते क्र. ____ ची क्रेडिट ब्युरोकडील चुकीची नोंद दुरुस्त करणे. दि. ____ च्या सिबिल अहवालात (कंट्रोल नंबर ____) वरील खात्याची स्थिती 'रिटन ऑफ' आणि थकीत रक्कम रु. ____ दाखवली आहे. हे कर्ज दि. ____ रोजी युटीआर क्र. ____ ने पूर्ण फेडले असून आपले दि. ____ चे नो ड्यूज पत्र सोबत जोडले आहे. स्थिती 'क्लोज्ड', शिल्लक व थकीत रक्कम शून्य, बंद झाल्याची तारीख ____ अशी दुरुस्ती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवावी. क्रेडिट माहिती कंपन्या (नियमन) कायदा, २००५ च्या कलम २१ प्रमाणे ही विनंती आहे. विनंती नाकारल्यास कारण लेखी द्यावे."

'चारही' हा शब्द गाळू नका. बँक कधी कधी ज्या ब्युरोकडून तक्रार आली त्यालाच उत्तर पाठवते आणि इतर तिघांकडे जुनीच नोंद राहते. कर्ज तुमचं नसेल तर पत्रात 'माझं कर्ज' किंवा 'थोडी सवलत मिळाल्यास भरीन' अशी वाक्यं येऊ देऊ नका.

एकवीस, तीस आणि शंभर

तक्रारीची तारीख महत्त्वाची, कारण घड्याळ तिथून सुरू होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने भरपाईची चौकट जाहीर केली आणि ती २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तक्रार पहिल्यांदा दाखल झाल्यापासून ३० कॅलेंडर दिवसांत ती सुटली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला मिळतात. बँकेने दुरुस्त माहिती २१ दिवसांत ब्युरोला पाठवली नाही तर पैसे बँकेने द्यायचे. बँकेने वेळेत पाठवूनही ब्युरो ३० दिवसांत बदल करू शकला नाही तर ब्युरोने. तक्रार ४५व्या दिवशी सुटली तर १५ दिवसांचे १,५०० रुपये. ही रक्कम तक्रार सुटल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत खात्यात यायला हवी. पैसे किरकोळ आहेत, पण पत्रात या नियमाचा उल्लेख केला की कागद हलतो. गुण कसे मोजले यावरच्या वादाला मात्र ही भरपाई लागू नाही.

वीस दिवस झाले की एक स्मरणपत्र त्याच ईमेलच्या धाग्यात टाका. नवी तक्रार नोंदवू नका, नाहीतर पहिल्या तारखेवरून वाद होतो.

'बँकेने दुरुस्ती नाकारली' असं उत्तर आलं तर तेच कागद घेऊन तीच तक्रार पुन्हा करण्यात अर्थ नाही. नकाराचं कारण वाचा. बँकेच्या वहीत अजून रक्कम बाकी असेल तर खाते उतारा मागवून ती कुठल्या आकारापोटी आहे ते शोधा. बहुतेकदा हप्ता बाउन्स झाल्याचा दंड किंवा शेवटच्या महिन्याचं तुटपुंजं व्याज निघतं. ते चुकीचं असेल तर मुद्द्यावर बोट ठेवून त्याच बँकेच्या प्रधान, म्हणजे वरच्या, नोडल अधिकाऱ्याकडे जा.

३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक आहे. फी नाही, वकील लागत नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत, तेव्हा दिरंगाई ब्युरोची असेल तर त्याच्याविरुद्ध जा. आधी संस्थेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तर लोकपाल अर्ज दाखलच करून घेत नाही. हेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तरीही नाही. लोकपालाच्या कक्षेबाहेरच्या संस्थेबद्दलची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयातल्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाते.

नोंद खरी असेल तर

'रिटन ऑफ' किंवा 'सेटल्ड' नोंदीवर एकच खरा इलाज आहे: राहिलेली रक्कम भरून 'क्लोज्ड' करून घेणं. सेटलमेंटमध्ये बँकेने सोडलेली रक्कमही नंतर भरता येते. पण आधी पत्र, मग पैसे. पत्रात चार गोष्टी हव्यात: एकूण किती भरायचे, कधीपर्यंत, भरल्यावर स्थिती 'क्लोज्ड' म्हणून कळवली जाईल, आणि बुडीत व तडजोडीच्या रकमांचे रकाने शून्य केले जातील. फोनवरच्या आश्वासनावर एक रुपयाही देऊ नका. पैसे थेट कर्ज खात्यात भरा, एजंटाच्या यूपीआयवर नाही. कर्ज पुनर्रचना कंपनीला विकलेलं असेल तर व्यवहार तिच्याशीच करायचा; आधी बँकेने ते कर्ज तिला दिल्याचं पत्र मागा. आणि तपासा की मूळ बँकेच्या जुन्या नोंदीत शिल्लक शून्य आहे ना. दोन्हीकडे रक्कम दिसत असेल तर एकच कर्ज दोनदा मोजलं जातंय, तेव्हा दोघांविरुद्ध वाद नोंदवा.

स्थिती बदलली तरी डीपीडी तक्त्यातले उशीर तसेच राहतात, कारण ते खरोखर झाले होते. नवे महिने वर येत जातात तसे जुने खाली सरकतात. ते पुसून घेण्याचा सरळ मार्ग नाही.

'सात वर्षांनी नोंद आपोआप उडते' ही समजूत अमेरिकेतून आली आहे. तिथे थकबाकीची नोंद दाखवण्यावर साधारणपणे सात वर्षांची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे ब्युरोंनी माहिती किमान सात वर्षं जपायची असा नियम आहे, म्हणजे सात हा तळ आहे, छत नाही. तसंच मुदत कायद्याची तीन वर्षं. ती संपली की विनातारण कर्जाच्या वसुलीसाठी दावा लावायला अडचण येते. अहवालाशी तिचा संबंध नाही.

वसुली एजंट 'आज भरा, उद्या सिबिल साफ' म्हणतो तेव्हा त्याला नोंद बदलण्याचा अधिकारच नसतो. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्याने वसुलीसाठी फोनही करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. पैसे घेऊन 'सिबिल दुरुस्ती' करणारे दलाल तुमच्या नावाने तोच फुकटचा फॉर्म भरतात. काही तर खऱ्या कर्जावरही 'माझं नाही' असा वाद टाकतात. बँक तो फेटाळते, आणि पुढे खरी चूक दाखवायला गेलात की तुमच्याकडे संशयाने पाहिलं जातं. लॉगिन आणि ओटीपी तर कुणालाच देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर

जानेवारी २०२५ मध्ये कर्जसंस्थांनी निदान पंधरवड्याला एकदा माहिती पाठवण्याचा नियम लागू झाला. त्या नियमात पंधरवडा संपल्यावर सात दिवसांत बँकेने फाइल पाठवायची, ती आल्यावर पाच दिवसांत ब्युरोने चढवायची. म्हणजे नेहमीच्या फाइलीतून झालेला बदल दिसायला चार आठवडे धरा. 'दुरुस्त झाले' असा मेल आला की नवा अहवाल काढा आणि स्थिती, शिल्लक, थकीत रक्कम, बंद झाल्याची तारीख हे चारही रकाने जुन्या पीडीएफशी ताडून पाहा. शिल्लक शून्य होते आणि स्थिती 'रिटन ऑफ'च राहते, असं अर्धवट काम वरचेवर होतं.

नवा कर्जअर्ज त्याआधी करू नका. वाद चालू असताना त्या खात्यासमोर तसा शेरा दिसतो आणि बरेच कर्जदाते तो निघेपर्यंत थांबतात.

आणखी दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा पाहा. दुरुस्ती ब्युरोकडे हाताने झाली पण बँकेच्या मूळ प्रणालीत जुनीच माहिती राहिली, तर पुढची फाइल येताच चुकीची नोंद परत उगवते. तसं झालं तर नव्या अहवालाची प्रत आणि आधीचा 'दुरुस्त झाले' हा मेल एकत्र जोडून थेट प्रधान नोडल अधिकाऱ्याला पाठवा, आणि या वेळी दुरुस्ती बँकेच्या कर्ज खात्याच्या मूळ नोंदीत करण्याची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा.